फळ्यावरचा भाव

बाहेर जेवायला बसलेल्या कुटुंबाला बिलाची धास्ती वाटू नये, एवढी साधी गोष्ट आपल्या हॉटेलांना का जमत नाही, असा प्रश्न मला पडतो. फ्रान्समधल्या ‘बिस्ट्रो’ला ती जमते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बिस्ट्रो म्हणजे आपल्या खानावळीचाच फ्रेंच भाऊबंद. ओव्हेर्न्यच्या डोंगराळ मुलखातली माणसे पोटासाठी पॅरिसला आली, दगडी कोळसा विकू लागली आणि त्याच दुकानात वाइनचे पेले भरू लागली. पॅरिसमधले कितीतरी बिस्ट्रो त्यांनीच चालवले. उडुपीकरांनी मुंबईत जे केले, त्याच जातीचे हे काम.

माझा आतेभाऊ तुलूझला नोकरीला आहे. आत्या आणि आतोबा त्याच्याकडे गेले होते, तेव्हा तिघे एका बिस्ट्रोत दुपारी जेवले. दारातल्या फळ्यावर खडूने लिहिले होते: दोन पदार्थ, साडेसतरा युरो. उकडलेली अंडी मेयोनेझसह, मग भाजलेली कोंबडी व बटाटे. पाव टोपलीतून आला, पाणी काचेच्या सुरईतून. बिल आले साडेबावन्न युरो. आतोबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तीनदा बेरीज केली म्हणे!

यात मालकाचा मोठेपणा नाही, कायदा आहे. जेवणाच्या किमतीत पाव आणि साधे पाणी धरलेलेच असावे, हा तिथला नियम 1967 सालचा. छापील भावात सेवेचा आकारही धरावा, हा 1987 चा. जेवणावरचा दहा टक्के करही त्याच आकड्यात असतो. वेटरला वर काही द्यायचे तर ती आपली खुशी.

मग मालकाला परवडते कसे? आम्ही कॉस्टिंगमध्ये शिकतो तेच. दुपारी एकच मुख्य पदार्थ मोठ्या भांड्यात शिजतो, बाजारात स्वस्त मिळेल ते आणता येते आणि नासाडी कमी. आपली राइसप्लेटही याच हिशेबावर उभी आहे.

अर्थात फ्रान्समध्ये सगळे आलबेल आहे असे नाही. कारखान्यातून आलेले तयार पदार्थ नुसते गरम करून वाढणारी ठिकाणे तिथेही आहेत. ‘घरी केलेले’ हे चिन्ह 2014 साली आले, पण त्यात गोठवलेला कच्चा मालही चालतो. म्हणजे भाव उघडा, पण भांडे झाकलेले. शिवाय शुद्ध शाकाहारी माणसाची तिथे पंचाईतच होते.

आता आपल्याकडे पाहा. दरपट्टी (हा शब्द आपण कानडीकडून बिनदिक्कत घ्यावा) एक आकडा सांगते आणि बिल दुसरा. खाली बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’. पाणी मागितले की वेटर विचारतो, बाटली आणू का? काही मोठ्या हॉटेलांत सेवाशुल्क आपोआप लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये त्याला मनाई केली. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. मुळात एवढे भांडावे लागले, यातच सारे आले.

हॉटेलवाले म्हणतील, कर धरून लिहिले तर आकडा मोठा दिसेल आणि गिऱ्हाईक बिचकेल. बिचकू दे की! दारात बिचकलेला माणूस घरी जाऊन भाकरी खाईल. पण बायकोपोरांना घेऊन आत बसलेला, महिन्यातून एकदाच बाहेर जेवणारा कारकून बिल पाहून खिसा चाचपतो, तेव्हा पोरे आइस्क्रीम मागायची थांबतात. त्यांना कळते. आम्हालाही कळायचे.

तेव्हा शंभराच्या थाळीवर पाच रुपये कर असेल तर फळ्यावर सरळ एकशे पाच लिहा, आणि आपल्या गावात ते मराठीत आणि कानडीतही लिहा.