मोक्षपट : कर्त्याच्या वादात हरवलेली घरे

१/ सापशिडी संत ज्ञानेश्वरांनी निर्माण केली, असे सांगणारा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो आणि दरवेळी वाद कर्तृत्वापाशीच अडतो. मोक्षपट आज कोणी वाचत नाही, हा प्रश्न मात्र त्याहून मोठा आहे. #थ्रेड

२/ आधी पुराव्याविषयी. ज्ञानेश्वरी १२९०ची. या खेळाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देणारा समकालीन पुरावा उपलब्ध नाही. ज्ञात पटांपैकी बहुतेक अठराव्या शतकातील वा त्यानंतरचे आहेत. मराठी घरांनी हा खेळ माउलींच्या नावाशी जोडला, ही श्रद्धा आदरणीयच. परंतु श्रद्धा म्हणजे पुरावा नव्हे.

३/ शिवाय हा पट एकाच संप्रदायाचा नाही. जैनांची ८४ घरांची ज्ञानबाजी पर्युषणात खेळली जाई. सूफी विचारांवर रचलेले पटही आहेत. घरांची संख्या आणि नावे पंथागणिक बदलतात.

४/ वैष्णवांची ७२ घरांची प्रचलित रचना पाहावी : ९ घरांच्या ८ ओळी. वैकुंठ शेवटच्या घरात नाही. ते सर्वांत वरच्या ओळीच्या मध्यभागी, ६८व्या घरात आहे. ७२वे घर तमोगुणाचे, आणि तेथे साप. म्हणजे मोठे दान पडले तरी मोक्ष हुकू शकतो!

५/ याच रचनेत ५४वे घर भक्तीचे. तेथून शिडी थेट वैकुंठास जाते. लगेच पुढचे, ५५वे घर अहंकाराचे, तेथे साप. भक्ती आणि अहंकार यांत अंतर किती, तर एका दानाचे. हे समजावण्यास वेगळे प्रवचन लागत नाही.

६/ खेळात कौशल्य नाही, म्हणूनच आजी आणि नातवंडे बरोबरीने बसू शकतात. सोंगटी ‘मत्सर’ या घरात पडली, की मुलाने अर्थ विचारावा आणि मोठ्यांनी तो सांगावा. दोन पिढ्यांमधील हा संवाद म्हणजेच पटाचे खरे प्रयोजन.

७/ १८९०च्या दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये रुजला. आरंभीच्या इंग्रजी पटांवर काटकसर, उद्योग, आळस, आज्ञाभंग असे गुणदोष होते. पुढे तेही गेले. उरले १ ते १०० आकडे. ध्येयही शेवटच्या घरात जाऊन बसले.

८/ यास ‘चोरी’ म्हणणे सोपे आहे. पण आकड्यांचा छापील पट आल्यावर नावांचा पट माळ्यावर टाकला, तो येथल्याच घरांनी. दरम्यान ऑक्सफर्डचे अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ साली या पटांवर विस्तृत लेख लिहिला. २०१९ साली याकोब श्मिट-मॅडसेन यांनी कोपनहेगन विद्यापीठात पश्चिम भारतातील पटांवर प्रबंध सादर केला. अभिमानाचे संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजणांनी एक तरी पट घर न् घर वाचला असेल?

९/ जुन्या ट्रंकेत, पोथ्यांच्या रुमालात असा एखादा हस्तलिखित पट आजही निघू शकतो. तो रद्दीत देऊ नये. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, कोणत्या गावातून व कोणाकडून आला ते लिहून ठेवावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांना तो कसा खेळत ते विचारावे. पट कागदावर टिकतो. खेळण्याची रीत मात्र माणसांबरोबर जाते.