डिसेंबरची सुट्टी उदगीरला

आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' २०१९ च्या डिसेंबरात आला आणि आमच्या मुलांना पहिल्यांदा वाटलं, की आईचं गाव काहीतरी महत्त्वाचं आहे. चित्रपटाची सुरुवातच उदगीरच्या विजयाने होते. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसह सुमारे साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांच्या पदरात पडला आणि वर्ष उलटायच्या आत तेच भाऊ पानिपतावर कामी आले. पडद्यावर उदगीर थोडक्यात उरकतं, कथा पुण्याला येते आणि तिथून उत्तरेला निघते. आमच्या सुट्ट्यांचंही नेमकं असंच होतं, आणि त्याबद्दल मला परदेशातल्या आपल्या मराठी मंडळातल्या मंडळींशी थोडं भांडायचं आहे.

माझं सासर पुण्याचं, माहेर लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचं. तीन आठवड्यांच्या सुट्टीतला पहिला आठवडा झोपेचं गणित जुळवण्यात आणि पुण्यातल्या आप्तांकडे जेवण्यात जातो. मग एखादं लग्न. मग मुलांना भारत दाखवायचा म्हणून जयपूर, केरळ किंवा गोवा. उरलेल्या दोन दिवसांत उदगीर. त्या दोन दिवसांत चार घरी चहा, दोन घरी जेवण, सगळ्यांच्या पाया पडणं आणि जाता जाता गाडीतूनच किल्ल्याचा बुरूज. मंडळातल्या नांदेडच्या, परभणीच्या, अहमदपूरच्या मैत्रिणींना विचारा, सगळ्यांचं वेळापत्रक हेच. पुण्या-मुंबईत राहून आलो की 'इंडिया झाली' असं आपण म्हणतो.

मग गावाची उरलेली ओळख मुलांना कोण करून देतं? सिनेमा आणि बातम्या. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते त्यांनी पाहिलं. २०२५ च्या जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. जुलैत अहमदपूर तालुक्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने बैल नाहीत म्हणून स्वतःच्या खांद्यावर जू घेतलं, तो व्हिडिओ आपल्या प्रत्येक गटात फिरला. ऑगस्टमध्ये उदगीर-मुखेड पट्ट्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, लेंडी नदीच्या पाण्याने मुखेडची गावं वेढली, लष्कर बोलवावं लागलं. यातलं काहीही खोटं नाही. पण हे सगळं ओळीने पाहिल्यावर माझ्या मुलीने विचारलं, "मग तिथे लोक राहतात कशाला?" तो प्रश्न मला फार लागला, कारण तिच्याकडे जेवढी माहिती होती तेवढ्यावरून तो प्रश्न बरोबरच होता.

काही जण यावर म्हणतात, की सिनेमावाल्यांनी गावाची चांगली बाजूही दाखवावी. मला हे अजिबात पटत नाही. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस', नागराज मंजुळेंचा 'फँड्री' हे चित्रपट जसे आहेत तसेच हवेत. शेतकऱ्याची आत्महत्या आणि जातीचा जाच यांवर साखर पेरून आपल्या मुलांना काय मिळणार आहे? उणीव चित्रपटात नाही. चित्रपटाला जोडून जे प्रत्यक्ष पाहायला हवं, ते आपण मुलांना देत नाही.

'सैराट'चंच घ्या. गणपतीच्या कार्यक्रमात 'झिंगाट'वर नाचलं नाही असं आपलं एकही मूल नसेल. पण मध्यंतरानंतरचा 'सैराट' किती मुलांनी पाहिलाय? आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. आर्ची बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगूतलं एकेक वाक्य शिकते, झोपडपट्टीत संसार मांडते. पुण्याच्या प्रेक्षकाला हा परमुलूख वाटेल. उदगीरच्या माणसाला मात्र हैदराबाद म्हणजे आपलं मोठं शहर. मोठं दुखणं आलं की हैदराबाद, लग्नाचा बस्ता हैदराबाद, दुष्काळात हाताला काम हवं की हैदराबाद. उदगीर स्टेशनच विकाराबाद-परळी मार्गावर आहे. १९५६ पर्यंत तर उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. आणि त्याआधी, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आम्ही निजामाच्या राज्यात. गावाजवळच्या हत्तीबेटावर रझाकारांशी लढलेल्या शेतकऱ्यांच्या गोष्टी आम्ही घरी ऐकत वाढलो. हे सगळं माहीत असलेल्या मुलाला 'सैराट'चा उत्तरार्ध वेगळाच दिसेल. आपली मुलं मात्र गाणी संपली की पडदा बंद करतात.

भाषेच्या वादाचंही तेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, २९ जूनला मागे घेतला गेला, आणि मधले दोन-अडीच महिने आपले गट पेटलेले होते. पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये, याच मताची मी आहे. पण आपल्या मुलांपर्यंत या वादातलं काय पोचलं? दुकानदाराला दमात घेणाऱ्यांचे व्हिडिओ. मराठीवर प्रेम करायचं म्हणजे कुणावर तरी ओरडायचं, असा त्यांचा समज झाला. उदगीरच्या बाजारात त्यांना तासभर उभं करा. किराणा दुकानातले चाचा आतल्या पोराला दखनीत हाक मारतात, कमालनगरकडून आलेल्या बाईशी कानडीत हिशेब करतात आणि वळून मला म्हणतात, "ताई, डाळ नवी हाय, न्या." तिन्ही वाक्यं एका दमात, तराजूवरची नजर न हलवता. या गावाने २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं आणि त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही. चार भाषांच्या शेजारात राहून तिथली मराठी कुठे बारीक झालेली नाही. हे भाषणात सांगून मुलांना कळणार नाही, तिथे उभं राहूनच कळेल.

आता मुख्य मुद्दा. जायचं ते कधी? माझं उत्तर ठाम आहे: येळवशीला. वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, बहुतेक वर्षी आपल्या नाताळच्या सुट्टीच्या आगेमागेच येते. २०२४ साली ती ३० डिसेंबरला होती. २०२५ साली १९ डिसेंबरला, म्हणजे त्यासाठी मुलांची शाळा चार दिवस बुडली असती. बुडू द्यावी.

त्या दिवशी उदगीर, लातूर, निलंगा अशी गावं दुपारी ओस पडतात. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळं गाव रानात. आदल्या रात्री घरातल्या बाया झोपत नाहीत. हिरव्या तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, ओला हरभरा, चिंचेचा कोळ आणि बेसन घालून मोठ्या पातेल्यात भज्जी रटरटत असते. ती भाजी नुसती ताटात वाढलेली पाहून कळत नाही, ती ढवळताना मनगट भरून येतं. शिवाय ज्वारीचे उंडे, सज्जगुऱ्याची म्हणजे बाजरीची भाकरी, आणि मातीच्या मडक्यात आंबील. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजतात. पिकात फिरून आंबील शिंपडतात. मग जेवण, आणि जेवायला जो येईल तो. ज्यांना शेत नाही त्यांना आवर्जून बोलावणं असतं, वाटेने चाललेल्यालाही थांबवतात. संध्याकाळी पोरं कडब्याची पेंढी पेटवून रानाभोवती पळतात. बीदर, कलबुर्गीकडेही याच अमावस्येला रानात हीच धामधूम असते.

मला या दिवसाचं गोड चित्र रंगवायचं नाही. रात्रभर कोण जागलं, डोक्यावरची पाटी कुणी वाहिली, सालगडी कुठे बसून जेवला, हेही मुलांनी पाहावं. 'फँड्री' पाहिलेल्या मुलाला ते दिसेल आणि तो मामाला अडचणीचे प्रश्न विचारेल. विचारू देत. पावसाने काय नेलं, बाजारात सोयाबीनला काय मिळालं, हे तो बांधावर बसून मामाच्या तोंडून ऐकेल. मग पुढच्या वेळी पुराची बातमी आली की त्या पाण्याखाली कुणाचं रान आहे हे त्याला माहीत असेल, आणि आपण मंडळात निधी गोळा करतो तेव्हा तो पैसा कशासाठी जातो हेही.

आक्षेप मला माहीत आहेत. आई-वडीलच पुण्याला मुलाकडे राहायला गेले, आता गावी कुणाकडे उतरायचं, हा सगळ्यात खरा. भाऊबंदकीत शेताच्या वाटण्या झाल्या, बोलणं उरलं नाही, हाही खरा. तरी चुलते, मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी असतातच, आणि लॉजही आहेत. मुलांचं पोट बिघडेल म्हणता? पाणी उकळून प्यावं, डॉक्टर गावातही आहेत. अंतराची सबब तर मला मान्यच नाही. मुंबईला उतरून रात्रभर प्रवास करण्यापेक्षा हैदराबादला उतरावं, उदगीर तिथून मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. गावच्या माणसांना आपली मुलं पाहुणी म्हणून दोन दिवस बघत बसतात, ते कुणालाच बरं वाटत नाही. आठ दिवस राहिलं की पाहुणेपण चौथ्या दिवशी संपतं आणि मामी पोरांना शेंगा सोलायला बसवते.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीकडे दोन मागण्या. डिसेंबरची तिकिटं आपण जुलै-ऑगस्टमध्ये काढतो, तेव्हा वेळ अमावस्येची तारीख दरवर्षी जूनच्या पत्रकात छापावी. आणि येत्या चित्रपट-संध्येला 'सैराट' मध्यंतरापासून लावावा. मुलांना जे विचारायचं असेल त्यासाठी नंतर तासभर हॉल राखून ठेवावा. हैदराबादला राहून आलेली दोन-तीन मराठवाडी कुटुंबं आपल्या मंडळात आहेत. त्यांना मी विचारलं आहे, ती यायला तयार आहेत.