डॉक्टरांचा हट्ट आणि आपला कापूस



१६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंत यांचा गोळ्या घालून खून झाला. घाटकोपरला दवाखाना चालवणारा हा डॉक्टर दगडखाणीतल्या मजुरांची दुखणी तपासता तपासता त्यांचा पुढारी झाला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्यामागे संपावर गेले. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही मुंबईने त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले.

संघटित कामगाराचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. पण मागणी नुसती पगाराची नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलण्याचा हक्क दिला होता. कामगाराला ती नको असली तरी करार तिनेच करायचा. आपल्याकडे १९७२ पासून एकाधिकार खरेदीने तेच केले. कापूस आपला, गिऱ्हाईक मात्र सरकार ठरवणार. त्याला युनियन निवडता येईना, आपल्याला गिऱ्हाईक.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो घरे उघड्यावर आली, गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. लढा पेटवणाऱ्याने माघारीची वाटही राखावी, हे त्यातून शिकायचे. पण आपल्या वतीने दुसऱ्याने परस्पर सही करू नये, हा डॉक्टरांचा हट्ट खरा होता. एकाधिकार गेला तरी आपण तो सोडता कामा नये. सभेत भावाचा ठराव येईल तेव्हा वाचून, विचारून मगच हात वर करा. डॉक्टरांना तीच श्रद्धांजली.