लस टोचली, पण संरक्षण किती काळाचे?

आपल्या नवागाम परिसरातील पालक ‘बाळाला मेंदूज्वराची लस झाली आहे’ असे समाधानाने सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात दोन समज दृढ असतात. अशी लस एकच असते, हा पहिला. आणि ती एकदा टोचली की जन्माची चिंता मिटली, हा दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि ते दूर करणे हे आपणा वैद्यकीय व्यावसायिकांचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंदूच्या आवरणाचा जिवाणूजन्य दाह, अर्थात मेनिंजायटिस, बालकांमध्ये प्रामुख्याने हिब, न्यूमोकॉकस व मेनिंगोकॉकस या तीन जिवाणूंमुळे होतो. हिबचा अंतर्भाव असलेली पेन्टाव्हॅलंट लस डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तमिळनाडूत सुरू झाली आणि पुढे देशभर पोहोचली. न्यूमोकॉकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने येऊन २०२१ मध्ये सर्वत्र उपलब्ध झाली. मेनिंगोकॉकल लस मात्र राष्ट्रीय कार्यक्रमात नाही. ती विशेष जोखमीच्या बालकांसाठी सुचविली जाते.

या तिन्ही जिवाणूंभोवती शर्करेचे कवच असते. दोन वर्षांखालील बालकाची प्रतिकारशक्ती हे कवच नीट ओळखत नाही. म्हणून त्याला प्रथिनाची जोड देऊन संयुग्म लस तयार केली जाते. तिच्यामुळे प्रतिपिंडे निर्माण होतात व रोगाची ‘स्मृती’ही राहते. परंतु ही स्मृती जागी होण्यास काही दिवस लागतात, आणि मेनिंगोकॉकस काही तासांत बालकास अत्यवस्थ करू शकतो. म्हणजे रक्तात प्रतिपिंडे आधीच हजर हवीत. आणि तान्हेपणी दिलेल्या लसीची प्रतिपिंडे वर्षभरातच बरीच घटतात.

ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे १९९२ मध्ये हिबची लस २, ३ व ४ महिन्यांस, बूस्टरविना, सुरू झाली. रुग्णसंख्या झपाट्याने घटली. पण १९९९ नंतर ती पुन्हा वाढू लागली. त्यास तत्कालीन संयुक्त लसीचा उणेपणाही अंशतः कारण होता. अखेर २००३ मध्ये बूस्टरची विशेष मोहीम घ्यावी लागली. १९९९ मध्ये आलेल्या मेनिंगोकॉकस-सी लसीचेही संरक्षण तान्ह्या मुलांत वर्षभरानंतर ओसरते, असे २००४ मध्ये दिसून आले. परिणामी २००६ पासून दोन्हींचा बूस्टर बाराव्या महिन्यास देण्यात येऊ लागला. अमेरिकेतही जोखमीच्या लहान मुलांना मेनिंगोकॉकल लसीचा बूस्टर तीन वर्षांनी, व मोठेपणी दर पाच वर्षांनी, देण्याची शिफारस आहे.

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात दीड वर्षाच्या सुमारास त्रिगुणी लसीचा बूस्टर मिळतो, पण त्यात हिब नसते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना मात्र १६ ते १८ महिन्यांस हिबचा बूस्टर सुचविते. हिबचा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो व सार्वत्रिक लसीकरणामुळे जंतूंचा प्रसारही घटतो, हा शासकीय धोरणामागील युक्तिवाद निराधार नाही. तरीही एकाच गल्लीतील दोन बालकांपैकी ऐपत असलेल्यालाच बूस्टर मिळावा, हे मनाला पटत नाही. ब्रिटनचा अनुभव पाहता हा डोस सरकारी कार्यक्रमात यावा, अशी मागणी आपल्या मंडळाने करावयास हवी.

तोवर जे हाती आहे ते तरी निसटू नये. आपल्या वस्तीतील बहुसंख्य कुटुंबे खानदेशातील. आखाजी, लग्नसराई वा बाळंतपण आले की तापी खोऱ्याच्या गाडीने माणसे नंदुरबार-अमळनेरकडे जातात आणि लसीकरणाचे कार्ड सुरतेच्या पेटीत राहते. नवव्या महिन्याचा न्यूमोकॉकल बूस्टर व दीड वर्षाचे डोस चुकतात ते याच काळात. संरक्षण ओसरू लागते तेही याच सुमारास! तेव्हा आपण प्रत्येकाने, बालक साध्या सर्दीसाठी आले तरी, कार्ड मागावे, पुढील डोसची तारीख त्यावर ठळक लिहावी आणि गावी जाताना कार्ड सोबत नेण्यास बजावून सांगावे. राहिलेला डोस बहुधा पुढेही देता येतो; त्यासाठी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, हेही पालकांना सांगावे.

मात्र भीती घालून प्रत्येक पालकाला महागडी मेनिंगोकॉकल लस घ्यावयास लावणे उचित नव्हे. कोणती लस, कोणाला, कधी आणि किती काळासाठी, हे साध्या मराठीत समजावून सांगणे हाही उपचारच आहे. आणि त्यास शुल्क लागत नाही.