तेलाच्या वासावर किती भरवसा ठेवायचा?

आमच्या यवतमाळकडे फवारणीच्या विषाला सरसकट ‘औषध’ म्हणतात. २०१७ च्या हंगामात कपाशीवर हेच औषध मारताना जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हापासून घरोघरी रसायनाची धास्ती बसली, आणि ती रास्तच आहे. डासांसाठीसुद्धा कॉइल नको, मशीन नको, झाडपाल्याचे तेल लावू, असे आता पुष्कळ भगिनी म्हणतात. म्हणणे चांगले आहे. मात्र झाडाचे ते सगळे निर्धोक, हा समज बरोबर नाही.

शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून पायरेथ्रम नावाचे कीटकनाशक निघते. त्याची नक्कल करून कारखान्यात जी द्रव्ये बनली, त्यांतलीच काही आज कॉइलमध्ये आणि मशीनच्या बाटलीत असतात. कपाशीवरचे सायपरमेथ्रिनही त्याच घराण्यातले. तंबाखूतले निकोटिन तर पूर्वी कीड मारायला वापरत, आणि ते थोडे पोटात गेले तरी माणूस मरतो. तेव्हा विष झाडातून आले की कारखान्यातून, एवढे विचारून भागत नाही. ते किती, कुठे आणि कुणाच्या अंगावर, हे विचारावे लागते.

आता आपल्याकडचेच एक तेल घ्या. डोंगरउतारावर तिखाडी नावाचे सुगंधी गवत उगवते, त्याला रोशा गवतही म्हणतात. वऱ्हाडात आणि खानदेशात भट्ट्या लावून त्याचे तेल काढत. ते मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई! कारण या तेलात मुख्यतः जिरॅनिओल असते आणि गुलाबातही ते आहे. याच जिरॅनिओलला डास टाळतात. तिखाडीच्याच जातीतल्या सिट्रोनेला गवताच्या तेलाचेही तेच. अडचण एवढीच की ज्याला वास आहे ते उडून जाते. अंगाला लावलेले असे तेल साधारण तास-दोन तास काम देते. रात्री इशानंतर लावून फजरपर्यंत निर्धास्त झोपू, असे होत नाही. जुमेरातीच्या लोबानचेही तसेच आहे. धूर आहे तोवर डास दूर, आणि घरात दम्याचे कुणी असेल तर तोही नको.

कडुनिंबाचे तेल लवकर उडत नाही. खोबरेल तेलात २ टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले होते. १९९३ साली ते प्रसिद्ध झाले. मलेरियाच्या डासांपासून त्यात रात्रभर संरक्षण मिळाले. डेंग्यूच्या डासावर मात्र तेवढा गुण सगळीकडे आलेला नाही. दोन टक्के म्हणजे पाव लिटर खोबरेल तेलात चहाचा एक चमचा. जास्त घातल्याने जास्त फायदा होतो असे नाही, कातडीची आग मात्र होते. आधी कोपराच्या आत थोडे लावून एक दिवस पाहावे. आणि दादी-नानीने कितीही सांगितले तरी तान्ह्या बाळाला हे तेल पाजू नये. त्याने मुलांना झटके येऊन जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. निलगिरीचे तेल आणि कापूरही पोटात गेले तर मुलांना तसेच घातक. या बाटल्या सरबताच्या बाटल्यांशेजारी ठेवू नयेत.

खरा प्रश्न मात्र तेलाच्या बाटलीबाहेरचा आहे. उन्हाळ्यात आपल्या घरी कूलरला वाळ्याची टट्टी लावतात. वरून सुगंधी गारवा येतो आणि खाली टाकीत अळ्या वळवळतात. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळ आठवड्यातून एकदोनदा येतो तेव्हा आपण ड्रम, टिपे, माठ सगळे भरून ठेवतो. तेही त्याचेच घर. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून जुमा धरून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करावीत. नुसते पाणी ओतून चालत नाही, कारण अंडी काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. काठ ब्रशने घासावा लागतो.

हा डास दिवसा चावतो. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि असर ते मगरिब हा त्याचा जोराचा वेळ. आपण मगरिबला दारे-खिडक्या लावतो तेव्हा तो बहुधा चावून झालेला असतो. मुले शाळेला किंवा मकतबला निघताना पूर्ण बाहीचे कपडे घालावेत, तेल लावायचे तर तेव्हा लावावे. दुपारी बाळ झोपले की पाळण्यावर मच्छरदाणी टाकावी.

मशिदीतला वुजूचा हौद रोज रिकामा करता येत नाही. तिथे गप्पी मासे सोडावेत, ते अळ्या खातात. हौदात मासे ही काही नवी गोष्ट नाही, मुंबईच्या जामा मशिदीच्या तळ्यात ते आहेतच. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले तर गप्पी कुठे मिळतील ते सांगतात.