एकाच पाण्यातले तीन सेन्सर

जुनी गाडी नीट चालत नसली की माणूस सगळ्यात आधी डॅशबोर्डकडे बघतो. तापमानाची सुई मधोमध दिसली की "चला, इंजिन गरम होत नाहीये, म्हणजे टेंपरेचर सेन्सर ठीक आहे" असं म्हणून पुढच्या संशयिताकडे वळतो. माझ्या मते निम्मी गल्लत इथेच होते. त्या वाक्यात 'टेंपरेचर सेन्सर' हा शब्द एकवचनात आहे. पण बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये हा प्राणी एकटा राहत नाही, मोठ्या कुटुंबात राहतो. आणि त्या कुटुंबातला कोण कोणाशी बोलतो हे कळल्याशिवाय कुठलाही पार्ट विकत घेऊ नये.

उदाहरण घेऊ डॅटसन २८०झी या गाडीचं. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. निस्सानने १९६९ मध्ये जपानमध्ये फेअरलेडी झी आणली आणि अमेरिकेत ती डॅटसन २४०झी म्हणून विकली. लांब नाक, सहा सिलिंडर, दोन माणसांपुरती जागा आणि युरोपियन स्पोर्ट्स कारच्या मानाने परवडणारी किंमत. गाडी तुफान चालली. पण त्याच काळात अमेरिकेत धुराचे नियम कडक होत गेले. १९७४ च्या २६०झीचे कार्ब्युरेटर या नियमांपायी इतके त्रासदायक झाले की मालकांनी ते काढून जुने बसवायला सुरुवात केली. मग १९७५ मध्ये निस्सानने कार्ब्युरेटरच रद्द केला. २७५३ सीसीचं इंजिन आणि त्यावर बॉशच्या एल-जेट्रॉनिकवर आधारलेलं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन. ही २८०झी. १९७५ ते १९७८ ही चार वर्षं ती उत्तर अमेरिकेत विकली गेली.

म्हणजे या गाडीत संगणक आहे. आपल्या ओळखीचा नव्हे. त्यात ना प्रोग्रॅम, ना मेमरी. ३५ पिनांचा एक मोठा प्लग लावलेली, पूर्णपणे ॲनालॉग सर्किट असलेली पेटी. किती हवा आत आली, इंजिन किती वेगाने फिरतंय आणि किती गरम आहे, यावरून ती ठरवते की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडे ठेवायचे. यातल्या 'किती गरम आहे' या प्रश्नापाशी आपली गोष्ट सुरू होते.

इंजिनाच्या पुढच्या टोकाला थर्मोस्टॅट हाउसिंग आहे. त्यात एकाच पाण्यात बुडालेल्या, विजेच्या वायरी जोडलेल्या तीन वस्तू आहेत.

पहिली, डॅशबोर्डच्या सुईसाठीचा सेंडर. याला एकच वायर. दुसरी बाजू म्हणजे त्याची स्वतःची पितळी बॉडी, जी आट्यांमधून इंजिनाला अर्थ होते. त्याचं गिऱ्हाईक एकच, गाडी चालवणारा माणूस.

दुसरी, संगणकासाठीचा सेन्सर. याला दोन पिना. आत थर्मिस्टर, म्हणजे गरम होईल तसा ज्याचा रेझिस्टन्स कमी होत जातो असा पदार्थ. २० अंशांना २.१ ते २.९ किलोओहम, ५० अंशांना ०.६८ ते १ किलोओहम, आणि इंजिन पूर्ण तापलं, म्हणजे ८० अंशांच्या आसपास गेलं, की जेमतेम ३०० ओहम. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं भिंतींवरच चिकटतं, म्हणून थंडीत पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ते किती जास्त, हे या सेन्सरवरून ठरतं.

तिसरी, थर्मोटाइम स्विच. यालाही दोन पिना! हा सेन्सर नाहीच मुळी, स्विच आहे. कडाक्याच्या थंडीत स्टार्टर मारताना कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह नावाचा एक जादा इंजेक्टर काही सेकंद पेट्रोल फवारतो. तो चालू करायचा की नाही हे हा स्विच ठरवतो. आत दोन धातूंची पट्टी आहे आणि तिच्याभोवती तापणारी तार. पाणी गरम असेल तर स्विच उघडाच राहतो. पाणी थंड असेल तर स्टार्टर मारताना ती तार पट्टीला तापवते आणि काही सेकंदांत स्विच उघडतो. म्हणजे कोणी वैतागून स्टार्टर मारतच बसला तरी इंजिन पेट्रोलने भरून जाऊ नये. साधी पट्टी आणि तार, पण टाइमर आणि थर्मामीटर दोन्ही कामं करते. मला हा पार्ट फार आवडतो.

आता खरी गंमत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वस्तूला लागणारा प्लग एकाच प्रकारचा आहे, बॉशचा तो ठरलेला दोन पिनांचा प्लग. दोन्ही शेजारीशेजारी, दोन्ही पितळी, दोन्ही षटकोनी. वायरींचे रंग नवीन असताना वेगळे होते, पण चाळीस-पन्नास वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिल्यावर सगळे रंग एकाच जातीचे होतात. तपकिरी. कधीतरी कोणीतरी मेकॅनिक हाउसिंग उघडतो, परत बसवतो आणि दोन प्लगांची अदलाबदल होते. काही तुटत नाही, काही जळत नाही, सगळं व्यवस्थित 'क्लिक' होऊन बसतं. फक्त संगणकाला सेन्सरच्या जागी स्विचचा शंभरच्या आतला रेझिस्टन्स दिसतो आणि त्याची समजूत होते की इंजिन कढत आहे. म्हणून थंड इंजिनाला तो थेंबभरही जादा पेट्रोल देत नाही. तिकडे कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हच्या वाटेत भलामोठा रेझिस्टन्स आल्यामुळे तोही गप्प. आणि डॅशबोर्डची सुई? ती मस्त, मधोमध. तिचा या भानगडीशी काही संबंधच नाही.

माझा एक सहकारी कॅलिफोर्नियात असतो, त्याच्याकडे १९७७ ची २८०झी आहे. त्याची तक्रार वेगळी होती. गाडी तापली की मिसिंग करायची, एग्झॉस्टला पेट्रोलचा वास, प्लग काळे. त्याने टेंपरेचर सेन्सर बदलला. काही फरक नाही. दुसऱ्या कंपनीचा आणून परत बदलला. तरी नाही. तिसऱ्यांदा ऑर्डर देण्याआधी त्याने फोटो पाठवला तेव्हा कळलं की त्याने दोन्ही वेळा एका वायरीचा सेंडर बदलला होता. बिचाऱ्याने ज्याची काही चूकच नव्हती त्याला दोनदा नोकरीवरून काढलं :-) दुकानदाराने चुकीचं काही दिलं नव्हतं. "२८०झीचा टेंपरेचर सेन्सर" असं मागितलं तर तोही टेंपरेचर सेन्सरच आहे की!

म्हणून माझं म्हणणं असं की हे पार्ट दिसण्यावरून किंवा नावावरून ओळखू नयेत. कोण कोणासाठी काम करतो यावरून ओळखावेत. आणि त्यासाठी दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड गाडी घ्या. इग्निशन बंद. मग क्रमाने:

एकच वायर असेल तर तो सुईचा सेंडर. खात्री करायची असेल तर वायर काढा आणि इग्निशन चालू करा. सुई थंडवर पडून राहते. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली की सुई गरमकडे धावते. म्हणजे सुई आणि वायर ठीक, संशय सेंडरवर.

दोन पिना असतील तर प्लग काढून प्रत्येक पिनेपासून पार्टच्या पितळी बॉडीपर्यंत मोजा. संगणकाच्या सेन्सरमध्ये कुठल्याच पिनेचा बॉडीशी संबंध नसतो, मीटर अनंत दाखवतो. थर्मोटाइम स्विचमध्ये एका पिनेपासून बॉडीपर्यंत ती तापणारी तार असते, ७० ते ८६ ओहम. दुसऱ्या पिनेवर स्विचचा संपर्क असतो. साधारण १४ अंशांच्या खाली तो बॉडीला जोडलेला, २२ अंशांच्या वर तुटलेला. बस्स, ओळख पटली. रंग नको, अंदाज नको.

मग संगणकाच्या सेन्सरच्या दोन पिनांमध्ये मोजा. २० अंशांच्या सकाळी अडीच किलोओहमच्या आसपास आलं तर सेन्सर बहुधा निर्दोष. गाडी तापवून परत मोजा, ३०० च्या आसपास यायला हवं. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी जवळजवळ सगळे टाळतात. हेच माप संगणकाच्या त्या ३५ पिनांच्या प्लगपाशी घ्या. कारण संगणकाला सेन्सर दिसत नाही. त्याला सेन्सर अधिक वायर अधिक दोन्हीकडचे गंजलेले संपर्क, एवढं सगळं मिळून दिसतं.

हा मुद्दा आकड्यांत बघा. समजा प्लगच्या गंजामुळे वाटेत ३०० ओहम वाढले. सकाळी थंड असताना २५०० चे २८०० झाले, काहीच फरक जाणवत नाही. पण तापलेल्या इंजिनात ३०० चे ६०० झाले, म्हणजे दुप्पट. ८० अंशांच्या इंजिनाला संगणक साधारण ६० अंशांचं समजतो आणि पेट्रोल ओतत राहतो. 'सकाळी छान चालते, तापली की बिघडते' या तक्रारीचं एक कारण हे असं, सेन्सर पूर्णपणे चांगला असताना. आणि प्लग अगदीच निसटला तर रेझिस्टन्स अनंत, म्हणजे संगणकाच्या लेखी ध्रुवावरची थंडी. इंजिन पेट्रोलमध्ये बुडतं. माझ्या त्या सहकाऱ्याच्या गाडीत शेवटी प्लगच्या आतल्या हिरव्या पडलेल्या पिनाच निघाल्या. साफ करून नवा प्लग लावला, गाडी सुरळीत. दोन्ही नवे सेंडर मात्र अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

याच गणिताचा दुसरा उपयोग लोकांनी शोधून काढला आहे, आणि माझा खरा विरोध त्याला आहे. २८०झीवाल्यांमध्ये एक लोकप्रिय जुगाड आहे. संगणकाच्या सेन्सरच्या वायरीत एक पोटेन्शिओमीटर घालायचा. बटण फिरवलं की रेझिस्टन्स वाढतो, संगणकाला इंजिन थंड वाटतं, पेट्रोल वाढतं आणि अडखळणारी गाडी सुरळीत होते. दहा मिनिटांत, जवळजवळ फुकट! मोह होणारच.

पण गाडी अडखळत का होती? बऱ्याचदा कुठल्यातरी रबरी होजला चीर गेलेली असते किंवा ऑइल फिलरच्या झाकणाचं गॅस्केट गेलेलं असतं. तिथून शिरणारी हवा एअरफ्लो मीटरमधून जात नाही, म्हणून संगणकाला ती कळतच नाही आणि पेट्रोल कमी पडतं. म्हणजे संगणकाची एक माहिती आधीच चुकलेली होती. आता आपण दुसरीही मुद्दाम चुकवली, आणि दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतायत म्हणून खूष झालो. उद्या ती चीर वाढेल किंवा कोणी होज बदलेल. मग हे बटण परत फिरवावं लागेल. आणि परवा गाडी विकली की नव्या मालकाला बिचाऱ्याला पत्ताच नसेल की वायरिंगमध्ये कुठेतरी एक खोटं बसवलेलं आहे.

आपल्या धंद्यात हे रोज बघतो की. एका मॉड्यूलमधून आकडा चुकीचा येतो, तो शोधायला वेळ नाही, म्हणून पुढच्या मॉड्यूलमध्ये कोणीतरी "तात्पुरतं" ०.८५ ने गुणतो. तीन वर्षांनी मूळ चूक कोणीतरी प्रामाणिकपणे दुरुस्त करतो आणि सगळं कोसळतं. शिव्या कोणाला? दुरुस्त करणाऱ्याला.

याचा अर्थ जुगाड वाईटच असतात असं नाही. मोजून, कारण शोधून, सगळं ठीक असल्याची खात्री करून मग कोणी म्हणालं की आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी मला थोडं जास्त मिक्स्चर हवंय, तर तो निर्णय झाला. तो जरूर घ्यावा आणि बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवून लिहूनही ठेवावा. माझा आक्षेप आधी फसवून मग विसरून जाण्याला आहे.

कोणी म्हणेल, तीन-तीन वस्तू कशाला? आजच्या गाड्यांत बहुतेक वेळा एकच सेन्सर असतो, तो संगणकाला सांगतो आणि संगणक सुईला. वायरी कमी, गोंधळ कमी. मान्य. शिवाय आजचा संगणक सेन्सर तुटला की ओळखतो आणि दिवा लावतो. पण त्यात एक गोष्ट गेली. आजच्या अनेक गाड्यांत सुई मुद्दाम अशी बनवलेली असते की पाणी बऱ्याच मोठ्या पट्ट्यात कमीजास्त झालं तरी ती मध्यावरच राहते. उगाच हलणारी सुई बघून लोक घाबरून गॅरेजला येतात म्हणून. थोडक्यात, ती सुई दिसायला थर्मामीटर, वागायला दिवा. २८०झीची सुई पाणी तापलं की चढते, निवलं की उतरते. चुकलीच तर स्वतःच्या चुकीने चुकते, आणि संगणकाशी तिचं साटंलोटं नसल्यामुळे दोघांचं म्हणणं वेगळं आलं की आपल्याला तपासाचा धागा मिळतो.

अर्थात तो धागा मिळायला आधी हे माहीत हवं की साक्षीदार दोन आहेत. सुई ही तुमची साक्षीदार आणि दोन पिनांचा तो थर्मिस्टर संगणकाचा. गाडी बिघडते तेव्हा संगणक काय समजत होता हे विचारायचं असेल तर सुईकडे बघून उपयोग नाही, मल्टिमीटर घेऊन खाली वाकावं लागतं. तेव्हा तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत अशी एखादी म्हातारी गाडी असेल तर या रविवारी तीनही वस्तू शोधा, मोजा, आणि प्रत्येक वायरीला छोटा टॅग लावा: 'सुई', 'संगणक', 'कोल्ड स्टार्ट'. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढच्या माणसाचे दोन सेंडर वाचतील.