दमा थांबतो, पेशी विसरत नाहीत

लक्षणे थांबली म्हणजे दमा मुळापासून गेला, हे गेल्या अंकातील पत्रातले विधान ॲलर्जीच्या दम्याला लागू पडत नाही. घरातल्या धुळीतील माइट या सूक्ष्म किड्यांची ओळख झालेल्या काही टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) रक्तात न फिरता फुफ्फुसातच मुक्काम ठोकतात आणि संपर्क तुटल्यावरही दीर्घकाळ टिकतात. पुन्हा तीच धूळ श्वासात गेली की त्या लगेच कामाला लागतात. त्यांनी सोडलेले इंटरल्युकिन-५ दाह वाढवणाऱ्या इओसिनोफिल पेशींना बळ देते. इंटरल्युकिन-१३ मुळे कफ वाढतो, श्वासनलिका हळव्या होतात. पंपातले स्टेरॉइड हा दाह दाबते, टी-पेशींची स्मृती पुसत नाही. त्यामुळे बरे वाटताच स्वतःहून पंप सोडण्याचा सल्ला धोक्याचा. (पंपाची ‘सवय’ लागते, ही तर निव्वळ भीती.) अर्थात प्रत्येक दमा ॲलर्जीचा नसतो.